दर वर्षी निघणारं सिमेंटचं ठिगळ: आधी त्याची पाठ पाहा

माझ्या मागच्या दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत. त्यातल्या खालच्या पायरीच्या कडेला मी तीन वर्षांत तीन वेळा ठिगळ लावलं. पहिल्यांदा साधा सिमेंट-वाळूचा माल. तो निघाला म्हणून दुसऱ्यांदा त्यात सिमेंट दुप्पट घातलं आणि खाली स्लरी, म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ, तीही फासली. तेही निघालं म्हणून तिसऱ्यांदा तयार मिश्रणाचा डबा आणला. तिन्ही वेळा तेच झालं. पाच-सहा महिन्यांत कडेला केसाएवढी रेघ, मग पाय पडला की टकटक आवाज, आणि एक दिवस खपली निघावी तसा अख्खा तुकडा हातात.

तिसऱ्या वेळी तुकडा फेकायला उचलला आणि सहज उलटा केला. पाठीवर राखाडी भुकटीचा पातळ थर होता. बोट फिरवलं तर बोट माखलं. म्हणजे माझं ठिगळ त्या भुकटीला अगदी छान चिकटलं होतं, फक्त भुकटी पायरीला चिकटलेली नव्हती. तीन वर्षं मी माल बदलत होतो आणि खालची भुकटी तशीच ठेवत होतो.

तेव्हापासून कुणी "कोणतं मटेरियल चांगलं?" असं विचारलं, तर माझा पहिला प्रश्न असतो: निघालेला तुकडा ठेवलाय का?

तुकडा उलटा करा

पाठीला भुकटी असेल तर जुन्या काँक्रीटचा वरचा थर मेलेला आहे. त्यावर काहीही लावा, टिकणार नाही.

पाठ स्वच्छ, गुळगुळीत, कधी कधी चक्क चकचकीत असेल तर ठिगळ मुळात चिकटलंच नव्हतं. ही त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण खालचं काँक्रीट बहुतेक धड आहे आणि चूक आपल्या कामात आहे.

पाठीला जुन्या काँक्रीटची खडी चिकटून आली असेल तर ठिगळाला दोष देऊ नका. त्याने इतकं घट्ट धरलं होतं की निघताना खालचंच काँक्रीट उपटून आणलं. मग खाली काहीतरी फुगतंय, खचतंय किंवा हलतंय. तांबूस डाग दिसला तर आत सळई गंजली आहे.

पाठ ओलसर आणि त्यावर पांढरी लव दिसली तर पाणी खालून येतंय. काळपट आणि तुळतुळीत असेल तर तेल.

तुकडा टाकून दिला असेल तर हातोडीच्या दांड्याने पृष्ठभाग ठोकत जा. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं ढब वाजतं. जिथे ढब वाजेल तिथे खडूने खूण करत पुढे सरका आणि शेवटी खुणा जोडा. जे काही दिसतंय त्याच्यापेक्षा पोकळ भाग जवळजवळ नेहमीच मोठा निघतो. तुमचं मागचं ठिगळ या खडूच्या रेघेच्या आतच संपलं असेल, तर त्याची कड पहिल्या दिवसापासूनच सुटलेल्या थरावर बसली होती.

पाठीला भुकटी

काँक्रीट ओतल्यावर जड खडी आणि वाळू खाली बसू लागते आणि पाणी वर येतं. ते येताना सिमेंटचा आणि वाळूचा बारीक गाळ घेऊन येतं. हे पाणी वर तरंगत असतानाच थापी मारली, किंवा ते लवकर आटावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरवलं, तर तो गाळ आणि जास्तीचं पाणी वरच्या थरात घोटलं जातं. दिसायला पृष्ठभाग सुंदर, गुळगुळीत होतो, पण तिथे पाण्याचं प्रमाण इतकं जास्त असतं की सिमेंटची पकड नीट होतच नाही. त्यात पहिल्या आठवड्यात पाणी मारलं नाही आणि ऊन-वाऱ्याने पृष्ठभाग घाईने सुकला, तर वरच्या सिमेंटला घट्ट व्हायला लागणारं पाणीच उरत नाही. मग वर्षानुवर्षं झाडत बसायचं. आज झाडलं तरी उद्या पुन्हा पांढरी धूळ असते आणि घरातले म्हणतात बाहेरून येते.

तपासायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोर लावून फिरवा. धड काँक्रीटवर धातूची चंदेरी रेघ उमटते. मेलेल्यावर खाच पडते आणि भुकटी निघते. ही खाच किती खोल जाते ते पाहणं महत्त्वाचं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. दुसरी सोपी परीक्षा चिकटपट्टीची: दाबून लावायची, झटक्यात ओढायची आणि चिकट बाजू पाहायची.

भुकटी नुसती वरवर असेल आणि खाली लगेच कठीण लागत असेल, तर घट्ट करणारा सिलिकेटचा द्राव पुरेसा होतो. सोडियम सिलिकेट किंवा लिथियम सिलिकेटचे असे द्राव मिळतात. काँक्रीटमध्ये मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, शिल्लक असतो. सिलिकेट त्याच्याशी संयोग पावतं आणि सिमेंटला मूळ पकड देणारा जो पदार्थ असतो तसाच पदार्थ त्या बारीक छिद्रांत तयार होतो. म्हणजे हा वरून चढवलेला रंग नाही, पृष्ठभाग स्वतःच घट्ट होतो. पद्धत साधी आहे: घासून धुवा, सुकू द्या, द्राव फवारा, डब्यावर सांगितलेला वेळ पृष्ठभाग त्याने ओला राहील असं पाहा आणि शेवटी वर उरलेला द्राव पुसून किंवा धुऊन काढा. तो तसाच सुकला तर पांढरे, काचेसारखे डाग पडतात आणि ते घासून काढताना नाकी नऊ येतात. आधी रंग, मेण किंवा सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) लावलेलं असेल तर द्राव आत जाणारच नाही. आणि खड्डे भरणं हे त्याचं काम नव्हे.

खाच दोन-तीन मिलिमीटर खोल जात असेल तर द्रावाचा उपयोग नाही. तो थर काढावाच लागतो. तारेच्या ब्रशने मी एक अख्खी दुपार घालवली आहे. ब्रशने पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण मेलेला थर निघत नाही. अँगल ग्राइंडरला हिऱ्याचे कण बसवलेलं वाटीसारखं चाक लावून घासलं तर तेच काम तासाभरात होतं. थांबायचं केव्हा? वाळूचे कण आणि खडीची डोकी स्पष्ट दिसू लागली आणि स्क्रू-ड्रायव्हरने पुन्हा चंदेरी रेघ उमटू लागली की.

घासताना उडणारी धूळ हा मात्र थट्टेचा विषय नाही. त्यात सिलिकाचे इतके बारीक कण असतात की ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि झालेली इजा भरून येत नाही. धूळ ओढणारं यंत्र ग्राइंडरला जोडा, किंवा पाणी लावून घासा, आणि तोंडाला रुमाल नव्हे तर निदान एन-९५ दर्जाचा मास्क हवा. पाणी लावून घासायचं तर त्यासाठीच बनवलेलं अवजार घ्या. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण.

ॲसिडबद्दल विचारलं जातंच, म्हणून इथेच सांगतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की फेस येतो आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. घडतंही, पण ते मेलेलं आणि जिवंत असा भेद करत नाही, दोन्ही सिमेंट खातं. मागे क्लोराइड उरतं आणि ते आतल्या सळईचा शत्रू. नीट निष्प्रभ करून धुतलं नाही तर वरचा नवा थर त्याच्यामुळेच सुटतो. मी वापरत नाही. कुणाला वापरायचंच असेल तर ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि शेवाळ घालवायला ब्लीच वापरलेल्या जागी ॲसिड टाकायचं नाही, कारण त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो.

पाठ गुळगुळीत

इथे चुका ठरलेल्या असतात. माझी दुसऱ्या वर्षीची चूक तर इतकी नमुनेदार की सांगितलीच पाहिजे. मी सिमेंट आणि लेटेक्सची (दुधासारख्या रबरी द्रावाची) स्लरी कुंच्याने फासली, तेवढ्यात फोन वाजला. परत आलो तेव्हा स्लरी सुकून गेली होती. सुकली म्हणजे चिकटायला तयार झाली असं समजून मी वर माल चढवला. खरं तर लेटेक्सचा सुकलेला पापुद्रा दोन थरांना जोडत नाही, वेगळे ठेवतो. त्यापेक्षा स्लरी लावलीच नसती तर बरं झालं असतं. ते ठिगळ निघालं तेव्हा त्याची पाठ नखासारखी चमकत होती, पण पाठ वाचायची अक्कल तेव्हा नव्हती.

आता क्रम असा ठेवतो. सुटलेल्या भागाच्या थोडं बाहेरून, धड काँक्रीटमध्ये, कटरने सरळ रेघेत काप घ्यायचा. खोली निदान १० ते १२ मिलिमीटर. यामुळे ठिगळाची कड उभी राहते. कड निमुळती होत शून्यावर आली की तिथे माल एक-दोन मिलिमीटरच उरतो, तो आधी सुकतो, आधी तडकतो, आणि त्या फटीतून पाणी आत शिरून बाकीचं ठिगळ उचलतं. डोळ्यांना निमुळती कड जास्त छान दिसते, हेच तिचं पाप. आतलं छन्नीने खडबडीत करायचं, पण फार दणके न देता. जोराच्या घावांनी खाली बारीक तडे जातात आणि मग ठिगळ त्या तडकलेल्या थरासकट निघतं.

धूळ पाण्याने धुऊन काढायची आणि काम करायच्या आदल्या रात्रीपासून जागा ओली ठेवायची. माल भरताना काँक्रीट आतून ओलं आणि वरून पाणी न साचलेलं हवं. गडद दिसेल, पण चमकणार नाही. कोरडं काँक्रीट नव्या मालातलं पाणी शोषून घेतं आणि जोडाच्या जागीच सिमेंट उपाशी राहतं. उलट, पाणी साचलेलं असेल तर जोडाच्या जागीच माल पातळ होतो. दोन्ही चुकांत तुकड्याची पाठ सारखीच दिसते.

मग स्लरी. सिमेंट, एसबीआर लेटेक्स आणि पाणी, दाट रंगाइतकं. नुसती फासायची नाही, ताठ कुंच्याने रगडून छिद्रांत घालायची, आणि चिकट असतानाच वर माल दाबायचा. म्हणून एका वेळी जेवढ्यावर माल चढवता येईल तेवढ्याच भागाला लावायची. सुकली तर खरवडून पुन्हा. लाकूडकामाचा पांढरा गोंद यासाठी सर्रास वापरला जातो. तो पाण्याने पुन्हा मऊ पडतो, म्हणून उघड्यावरच्या किंवा ओल येणाऱ्या जागी तो नकोच.

मालात सिमेंट वाढवून ताकद वाढते हा माझाही समज होता. सिमेंट आणि त्यासोबत पाणी वाढलं की माल सुकताना जास्त आकसतो आणि आकसताना स्वतःच्या कडा ओढून सोडवतो. एकास अडीच ते तीन वाळू पुरे, वाळू मात्र मातीविरहित. पाणी इतकंच की मूठ दाबली तर गोळा राहावा आणि बोटांमधून पाणी झिरपू नये. असा माल थापायला त्रास होतो, ठोकून बसवावा लागतो. साध्या सिमेंट-वाळूचा थर उघड्यावर २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा ठेवू नये. त्याहून पातळ हवा असेल तर पॉलिमर मिसळलेलं दुरुस्तीचं मिश्रणच घ्यावं. ४०-५० मिलिमीटरहून खोल खड्डा असेल तर नुसत्या वाळूने भागत नाही, बारीक खडीही घालावी.

पायरीच्या कडेला फळी लावून मागे जड वजन टेकवा म्हणजे माल ठोकता येतो. आणि कड तलवारीसारखी धारदार ठेवू नका. माल अर्धवट आवळला की तिला हलकी गोलाई द्या. धारदार कडेला पहिली ठेच लागली की टवका उडतो आणि तिथून परत सुरुवात.

पाठीला खडी

ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर. या अल्कतेत सळईवर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षं छिद्रांतून आत सरकत ही अल्कता कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोहोचला आणि सोबत ओल असली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव ताज्या फोडलेल्या भागावर फवारला तर अल्कता शिल्लक असलेलं काँक्रीट गडद गुलाबी होतं, संपलेलं बेरंग राहतं. हा प्रयोग एकदा पाहण्यासारखा आहे. सळई गुलाबी भागात आहे की बेरंग भागात, यावरून सगळं कळतं.

गंजलेल्या सळईवर वरून माल थापणं ही फक्त मुदतवाढ. सळईच्या मागेही बोट जाईल इतकं, साधारण २० मिलिमीटर, काँक्रीट काढायचं, चांगली सळई दिसेपर्यंत लांबीने पुढे जायचं, चारही बाजूंनी गंज घासून धातू उघडा करायचा, गंजरोधक लेप द्यायचा आणि मगच भरायचं. एवढं करूनही काही वर्षांनी ठिगळ शाबूत आणि त्याला लागूनच नवा फुगवटा असं होऊ शकतं. हे कामचुकारपणामुळे होतं असं नाही. दुरुस्त केलेल्या भागातली सळई सुरक्षित झाली की शेजारच्या जुन्या काँक्रीटमधला भाग गंजाचं केंद्र बनतो, विशेषतः त्या काँक्रीटमध्ये क्लोराइड असेल तर. म्हणून जागा निवडताना हातोडीच्या आवाजावर न थांबता थोडं सढळ फोडावं.

हे सगळं जमिनीवरच्या फरशीबद्दल, पायरीबद्दल, कुंपणाच्या भिंतीबद्दल. खांब, तुळई, छज्जा, बाल्कनी, वरच्या मजल्याचा स्लॅब यांत गंज दिसला तर छन्नी खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तिथे किती फोडायचं आणि फोडताना टेकू कुठे द्यायचा, हे लेख वाचून ठरवायचं नसतं.

तांबूस डाग नसेल आणि तरी खडीसकट निघालं असेल तर जमीन पाहा. छताचं पाणी नेमकं त्या कोपऱ्यात पडतं का? पन्हळीचा पाइप फरशीच्या कडेलाच संपतो का? पाणी खालची माती धुऊन नेतं, फरशी पोकळीवर अधांतरी राहते आणि वजन आलं की तुटते. आधी पाणी दूर न्या, पोकळी भरा, मग फरशी. झाडाचं मूळ असेल तर ते दर वर्षी थोडं जाड होणारच, त्या टोकाला मोकळी जागा सोडण्यात शहाणपण आहे. थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणी आणखी एक कारण: गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाण्याने भरलेलं काँक्रीट थर-थर सोलवटतं.

त्याच जागी परत येणारी भेग

भेग भरण्याआधी ती जिवंत आहे की मेलेली हे ठरवा. दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि भेगेवर आडवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावा. उन्हाळा आणि थंडी दोन्ही जाऊ द्या. पट्टा तडकला किंवा भेग रेघेपुढे गेली तर ती जिवंत. वर्षभर थांबायला कुणाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

मेलेली भेग इपॉक्सीने किंवा पातळ सिमेंट-पॉलिमर मिश्रणाने भरता येते. जिवंत भेग कडक मालाने भरली तर दोनच गोष्टी होतात, तीच भेग पुन्हा उघडते किंवा शेजारी नवी पडते. तिला उघडझाप करू द्यायची. कटरने एकसारखी रुंद करा, तळाशी फोमची दोरी दाबा आणि वर लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी. फोमची दोरी फक्त सीलंट वाचवायला नसते. तिच्यामुळे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही बाजूंना चिकटतं, आणि रबरासारखं ताणू शकतं. तळालाही चिकटलं तर मधोमध फाटतं.

बऱ्याचदा अशी भेग म्हणजे फरशीने स्वतःच पाडून घेतलेला सांधा असतो. काँक्रीट सुकताना आकसणार, हे ठरलेलं आहे. म्हणून फरशीच्या जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर काप द्यायचे असतात, १० सेंटिमीटरच्या फरशीला साधारण अडीच ते तीन मीटरवर, आणि कापाची खोली जाडीच्या चौथ्या भागाएवढी. ते दिलेले नसले की फरशी आपल्या मर्जीने तडकते. जुन्या फरशीवर नवा थर द्याल तेव्हा खालचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक जिवंत भेग त्याच रेघेवर वरच्या थरातही कापा. झाकलेली भेग वर येतेच, फक्त वाकडी होऊन येते.

ओल आणि लोणा

पांढरा लोणा म्हणजे बहुतेक वेळा काँक्रीटमधलाच चुना पाण्यात विरघळून वर आलेला आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट झालेला. आधी कोरड्या ब्रशने झाडून उचला. पहिल्यांदाच पाणी ओतलं तर विरघळणारे क्षार पुन्हा आत जातात आणि सुकताना परत वर येतात. उरलेल्याला पाणी मिसळलेलं व्हिनेगर लावा, घासा, धुवा.

पण पाणी येतं कुठून? ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून फरशीवर बसवा आणि निदान १६ तास ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब किंवा खालचं काँक्रीट गडद दिसलं तर ओल फरशीतूनच वर येते आहे. अशा फरशीवर इपॉक्सी किंवा जाड रंग लावला की काही महिन्यांत फोड येतात. मग लोक रंगाला दोष देतात आणि दुसरा रंग आणतात. बाहेरच्या फरशीला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार, घरापासून दूर, एवढं केलं तरी अर्ध्या तक्रारी संपतात. पाणी साचतं का ते बादलीभर ओतून पाहा, पाऊस पडायची वाट कशाला पाहायची.

तेलाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घासणीच्या पावडरीने वरचं जातं, मुरलेलं राहतं. चांगल्या डिग्रीझरने दोन-तीनदा धुवा आणि सुकल्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. तीन वेळा धुऊनही उभाच राहिला तर तेवढा भाग फोडून काढणं हे जास्त सोपं.

अख्खी फरशी नवी करायची असेल

फरशी धड वाजते, पण वर खडी उघडी पडली आहे, रंग उडाला आहे, जागोजागी ठिगळं आहेत, अशी असेल तर दोन ते पाच मिलिमीटरचा पॉलिमरयुक्त सिमेंटचा थर चांगला दिसतो आणि टिकतो. वर दिलेली सगळी तयारी मात्र पूर्ण फरशीला करावी लागते. उतार किंवा पातळीच बदलायची असेल तर निदान ४०-५० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर हवा, आणि तो देण्याआधी दाराची चौकट, पायरीची उंची, पाणी जायची जाळी हे सगळं तेवढ्याने वर येईल का ते पाहा. माझ्या ओळखीच्या एका घरी थर सुरेख बसला आणि दार उघडेना. पायऱ्यांत एकच पायरी इतरांपेक्षा उंच झाली तर माणसं तिथे हमखास अडखळतात.

आणि हातोडीने ठोकताना निम्म्याहून जास्त फरशी ढब वाजत असेल, तुकडे एकमेकांपेक्षा वर-खाली झाले असतील, तर नवा थर देऊ नका. फोडा, खालचा भराव पाणी मारून धुम्मस करा आणि नव्याने ओता.

शेवटचे काही दिवस

साध्या सिमेंटच्या कामाला सात दिवस ओलं ठेवायचं, ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक. दिवसातून एकदा शिंपडणं म्हणजे ओलं ठेवणं नव्हे. भिजणं-सुकणं आलटून पालटून झालं तर उलट तडे जातात. लेटेक्स मिसळलेल्या मालाचं मात्र निराळं आहे. त्याला एक-दोन दिवस ओलं ठेवून मग हवेत सुकू द्यायचं असतं, कारण लेटेक्सचा पापुद्रा सुकल्यावरच तयार होतो. इथे गवंड्याशी वाद होतो, तो आठ दिवस पाणी मारायच्या तयारीत असतो. डब्यावरची सूचना दाखवा. भर उन्हात काम काढू नका, संध्याकाळी सुरू केलं तर रात्रभर निवांत आवळतं. हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि ते तासाभराने कळतं. बरोबरीने डोळ्यांवर चष्माही हवा.

सीलर लावायचा तर नव्या कामाला सुमारे २८ दिवस द्या. बाहेरच्या फरशीला मी सिलेन-सिलोक्सेनसारखा आत मुरणारा सीलर पसंत करतो. तो दिसत नाही, चमकत नाही, पण सोलूनही निघत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतो. ॲक्रिलिकचा चमकदार सीलर ओलसर पृष्ठभागावर लावला तर दुधाळ पडतो, आणि पायरीवर पाणी पडलं की निसरडा होतो. तोच हवा असेल तर त्यात बारीक खरखरीत पूड मिसळून लावा. साधं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, ते घरातच ठेवा.

माझी ती पायरी चौथ्यांदा केली त्याला आता चार वर्षं झाली. दर वर्षी एकदा तिच्यावर पाण्याचे काही थेंब टाकतो. थेंब उभे राहिले तर काही करत नाही. पसरून काँक्रीट गडद झालं की सीलरचा एक हात मारतो, आणि त्याच वेळी हातोडीच्या दांड्याने कडेकडेने ठोकून घेतो.